किलमेनम जेल, डब्लिन: १९१६ बघायला जा, पण १९२३साठी थांबा

डब्लिनला पाहुणे आले की काय दाखवायचं, यावर आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात तीच चर्चा होते. गिनेस, ट्रिनिटीची जुनी लायब्ररी, हाउथचा किनारा, वेळ उरला तर मोहेरचे कडे. मी किलमेनम जेल सुचवते आणि कोणीतरी हमखास विचारतं, "सुट्टीत तुरुंग कशाला?" म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी व्यवहाराचं. तिकिटं ऑनलाइनच काढून ठेवा. ती २८ दिवस आधी खुली होतात आणि उन्हाळ्यात लगेच संपतात, त्यामुळे विमानाचं तिकीट काढलं की पाठोपाठ हेही काढायचं. मी आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा मोठ्या माणसाला ८ युरो पडले. गाईडशिवाय तुरुंगात सोडत नाहीत. फेरी साधारण तासाभराची, आणि त्याच तिकिटात संग्रहालय. लुआस ट्रॅमच्या रेड लाइनने स्वीर रोडला उतरलात तर तिथून चालत जाता येतं. आत उन्हाळ्यातही गारठा असतो. आई-बाबांना शाल-स्वेटर घ्यायला लावाच, "बाहेर ऊन आहे गं" या बोलण्यावर जाऊ नका.

तुरुंगात जायची वाट शेजारच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीतून आहे. हे कोर्ट १८२०चं. आपण तिकीट दाखवून कोर्टातून चालत जातो आणि मग तुरुंगात शिरतो. मला ज्यांच्याबद्दल सांगायचंय, त्यांच्या वाट्याला हे कोर्ट आलंच नाही. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हतं, न्यायाधीश नव्हता, शिक्षा नव्हती. होती ती फक्त कोठडी.

हा तुरुंग १७९६ साली सुरू झाला आणि १९२४मध्ये बंद पडला. त्यानंतर कित्येक वर्षं इमारत ओसाड होती. १९६०पासून स्वयंसेवकांनी सुट्टीच्या दिवशी येऊन, झाडंझुडपं काढून, छपरं सावरून ती उभी केली. १९८६मध्ये ती सरकारकडे गेली. गाईडच्या बोलण्यात अजूनही त्या स्वयंसेवकांबद्दलचा जिव्हाळा जाणवतो. पाठ केलेली घोकंपट्टी कुठेच वाटत नाही.

फेरी चॅपेलपासून सुरू होते. १९१६च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावातल्या जोसेफ प्लंकेटचं ग्रेस गिफर्डशी इथेच लग्न लागलं आणि काही तासांत त्याला गोळ्या घातल्या. ही गोष्ट गाईड फार छान सांगतात, मी ती इथे उरकत नाही. दगड फोडायच्या अंगणात, जिथे त्या मे महिन्यात चौदा जणांना मारलं, तिथे सगळा गट आपोआप गप्प होतो. बहुतेक लोक एवढ्यासाठीच येतात, आणि यावंही. मला मात्र या तुरुंगातली दुसरी एक गोष्ट जास्त जवळची वाटते. तिची सुरुवात पार्नेलच्या कोठडीपाशी होते.

चार्ल्स पार्नेल म्हणजे आयरिश खासदारांचा आणि कुळांच्या चळवळीचा पुढारी. १३ ऑक्टोबर १८८१ला त्याला पकडलं आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत इथे ठेवलं. आरोप काहीच नव्हता. त्या साली लंडनच्या पार्लमेंटने एक कायदाच करून ठेवला होता: आयर्लंडच्या लॉर्ड लेफ्टनंटने, म्हणजे तिथल्या इंग्रज राज्यप्रमुखाने, वाजवी संशय आहे असं वॉरंटवर लिहिलं की माणूस आत, आणि ३० सप्टेंबर १८८२पर्यंत खटल्याशिवाय आतच. पार्नेलला आत सवलती होत्या, कोठडीही ऐसपैस आहे. पण कधी सुटणार हे त्यालाही कोणी सांगू शकत नव्हतं.

बाबा तिथे थबकले आणि म्हणाले, "हे तर नातू बंधूंसारखं झालं." पुण्याच्या शाळेत शिकलेल्याला रँडचा खून, चाफेकर बंधू आणि टिळकांचा खटला पाठ असतो. पण त्याच १८९७ साली सरदार नातू बंधूंना मुंबई इलाख्याच्या १८२७च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली उचललं आणि खटला न चालवता स्थानबद्ध केलं, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. टिळकांना निदान खटला मिळाला, ज्यूरी मिळाली, अठरा महिन्यांची शिक्षा मिळाली. किती दिवस राहिले ते मोजता येत होतं. नातूंना मोजायला काही नव्हतं. तेच १८२७चं रेग्युलेशन १९३०मध्ये गांधीजींना कराडीहून उचलून येरवड्यात ठेवायला वापरलं. शंभर वर्षांहून जुना कागद, तरी धार कायम. बाबांनी गाईडला हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तोही उभा राहून ऐकत होता, गट पुढे गेला तरी.

मग ईस्ट विंग. फोटो तुम्ही पाहिलेच असतील: वर काचेचं छप्पर, गोलाकार तीन मजले, लोखंडी गॅलऱ्या, मधोमध जिना. १८६०च्या दशकात बांधलेला हा भाग, ९६ कोठड्या. मधे उभं राहिलं की सगळी दारं एका नजरेत येतात, म्हणूनच तसं बांधलंय. सगळे इथे फोटो काढतात. काढा. पण नंतर फोन खिशात ठेवून त्या जिन्याकडे आणि सगळ्यात वरच्या गॅलरीकडे नीट बघा.

१९२३ साली या विंगमध्ये बायका होत्या. इंग्रज गेले होते, आयर्लंडचं स्वतःचं सरकार होतं, आणि इंग्रजांशी केलेला तह मान्य नसलेल्या आपल्याच लोकांशी त्या सरकारचं यादवी युद्ध चाललं होतं. तह न मानणारे सुमारे बारा हजार लोक तुरुंगांत आणि छावण्यांत डांबलेले होते, त्यांत सहाशेहून जास्त बायका. बहुतेकांवर आरोप नाही. ज्या ग्रेस गिफर्डचं लग्न इथल्या चॅपेलमध्ये लागलं, तीही त्यांत होती. तिने कोठडीच्या भिंतीवर रंगवलेल्या मेरी आणि बाळाच्या चित्राची नव्याने केलेली प्रतिकृती आज दिसते.

मार्चमध्ये या बायकांची पत्रं आणि बाहेरून येणारी पार्सलं बंद केली. नव्वदच्या वर बायकांनी अन्न सोडलं. पुढच्या महिन्यात मेरी मॅकस्विनी आणि केट ओ'कॅलहन या दोघींना पकडून इथे आणलं. दोघीही निवडून आलेल्या लोकप्रतिनिधी. मेरी म्हणजे कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी यांची बहीण. ते १९२०मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर गेले. केटचा नवरा लिमेरिकचा माजी महापौर होता, त्याला १९२१मध्ये घरात शिरून मारलं. तरी या दोघींनी आल्या आल्या जेवण नाकारलं. मेरीने आदल्या नोव्हेंबरात माउंटजॉय तुरुंगात २४ दिवस उपोषण करून सुटका मिळवली होती. तेव्हा तिची बहीण ॲनी हिला भेटू दिलं नाही, म्हणून तीही तुरुंगाच्या फाटकाबाहेर उपाशी बसली.

एप्रिलच्या शेवटी हुकूम आला की बायकांना नॉर्थ डब्लिन युनियन या जुन्या गरीब-निराधारांच्या आश्रयगृहात हलवायचं. बायकांनी सांगितलं, या दोन उपाशी बायकांना इथे सोडून आम्ही जाणार नाही. त्या सगळ्यात वरच्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या, एकमेकींचे हात गुंफून आणि कठडा धरून. ३० एप्रिलच्या रात्री सरकारच्या माणसांनी त्यांना एकेक करून सोडवलं आणि या लोखंडी जिन्यावरून ओढत खाली आणलं. तासन्‌तास ते चाललं होतं. मॅकस्विनी कोठडीत पडून ते सगळं ऐकत होत्या. दोघींची सुटका त्याच दोन-तीन दिवसांत झाली, उपोषणाला जवळजवळ वीस दिवस झाल्यावर.

आई जिन्याच्या पायरीला हात लावून म्हणाली, "यावरून?" लोखंडी पायरी, काठ अजूनही धारदार. तिला पुढे काही सांगावं लागलं नाही.

माझं काम इथल्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञाचं. वीस दिवस हा आकडा मी तुमच्यापेक्षा जरा वेगळा ऐकते, म्हणून त्याबद्दल लिहिते. यकृतातली साखर पहिल्या दिवसा-दीड दिवसात संपते. मग शरीर स्नायू मोडायला लागतं, थोड्या दिवसांनी चरबीवर जास्त भर देतं, आणि बऱ्याच जणांची भुकेची कळ त्या सुमारास बोथट होते. लोकांना वाटतं, चला, सवय झाली. सवय बिवय काही नसते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, थंडी हाडात शिरते, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. किलमेनमच्या दगडी भिंतींचा गारठा आठवा आणि त्यात हे. पुढे बी-१ जीवनसत्त्व संपलं की डोळ्यांचे स्नायू ऐकेनासे होतात, वस्तू दोन दोन दिसतात. कोण किती दिवस काढेल हे मात्र कोणालाच आधी सांगता येत नाही. टेरेन्स मॅकस्विनी ७४ दिवस जगले. त्याच कॉर्क जिल्ह्यातला कैदी डेनिस बॅरी १९२३च्याच पुढच्या एका उपोषणात पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास गेला.

आणि उपोषण सुटलं म्हणजे माणूस वाचला असंही नाही. इतक्या दिवसांनी पोटभर जेवू घातलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदय बंद पडू शकतं. आम्ही आज आधी बी-१ देतो, मग वजनाच्या किलोमागे दिवसाला दहा कॅलरी, फारच खालावलेल्याला पाच. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पाचशे कॅलरी, त्याही दिवसभरात चमच्याचमच्याने, आणि रोज रक्ततपासणी. १९२३मध्ये यातलं फॉस्फेटचं गणित कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या वेळी बाहेर येणाऱ्या माणसाला घरचे मायेने काय काय भरवत असतील, या विचाराने माझ्या पोटात आजही गोळा येतो.

तासाभराच्या फेरीत सगळं मावणं शक्य नाही, म्हणून संग्रहालयाला वेळ ठेवा आणि यादवी युद्धाचा भाग वाचताना पुढची घटना मनात असू द्या. मे १९२३मध्ये लढाई थांबली. कोर्टानेही युद्धस्थिती संपल्याचं म्हटलं, म्हणजे युद्धाच्या नावाखाली कोंडून ठेवण्याचा आधार गेला. सरकारने काय केलं? ऑगस्टच्या सुरुवातीलाच नवा सार्वजनिक सुरक्षा कायदा केला आणि स्थानबद्धता चालू ठेवली. वाक्यरचना वेगळी असेल, पण बेत पार्नेलला कोंडणाऱ्या कायद्याचाच. ऑक्टोबरच्या मध्यात माउंटजॉयमधल्या चारशेहून जास्त कैद्यांनी अन्न सोडलं. मागणी एकच, बिनशर्त सुटका. काही दिवसांत लोण न्यूब्रिज, करा, गॉर्मनस्टन अशा छावण्यांत पोचलं आणि आकडा सात हजारांच्या पुढे गेला.

इथे माझं मत स्पष्ट आहे. कैद्यांची मागणी रास्त होती, पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर उपोषण करायला नको होतं. एका माणसाचं उपोषण त्याच्या मर्जीचं असतं. हजार जणांच्या छावणीत शेजारचा जेवत नाही म्हणून आपण जेवत नाही असं होतं, आणि मग कोण मनापासून उपाशी आहे, कोण भिडेखातर, हे डॉक्टरलाही कळत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत शेकड्यांनी लोक जेवायला लागले. उरले त्यांच्यावरचं ओझं वाढलं. २० नोव्हेंबरला बॅरी गेला, २२ला अँडी ओ'सलिव्हन, चाळीस दिवसांनी. २३ला उपोषण मागे घेतलं. कॉर्कच्या ज्या बिशपने १९२०मध्ये टेरेन्स मॅकस्विनींच्या अंत्यविधीत भाग घेतला होता, त्यानेच बॅरीचं शव चर्चमध्ये आणू दिलं नाही. पहिल्याला परक्या सरकारने मारलं होतं, दुसऱ्याला आपल्या. कैदी पुढे हळूहळू सोडले, १९२४च्या जुलैत तह न मानणाऱ्यांचा पुढारी डे व्हॅलेरा सुटला. हाच डे व्हॅलेरा १९६६मध्ये राष्ट्रपती म्हणून या तुरुंगाच्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला आला.

किलमेनमला मी इतके गुण देते ते यासाठी. हे सरकारी स्मारक आहे, आणि इथे परक्यांनी केलेल्या जुलमाशेजारी स्वतःच्या सरकारने केलेलंही सांगतात. नोव्हेंबर १९२२मध्ये नव्या सरकारने ज्या पहिल्या चार तरुणांना मारलं ते याच तुरुंगात, आणि तेही गाईड सांगतात. बाबा बाहेर आल्यावर बराच वेळ आगाखान पॅलेसबद्दल बोलत होते. आम्ही विश्रांतवाडीचे, ती वास्तू रोजच्या वाटेवरची. ऑगस्ट १९४२पासून गांधीजी तिथे स्थानबद्ध, खटला नाही, आणि १० फेब्रुवारी १९४३पासून २१ दिवसांचं उपोषण. मुंबईचे डॉ. गिल्डर स्वतः कैदी, त्यांना येरवड्यातून उपचारासाठी तिथे आणलं. महादेवभाई आणि कस्तुरबांच्या समाध्या आम्ही लहानपणी सहलीत पाहिल्या. पण त्याच रस्त्याने थोडं पुढे येरवडा, आणि १९७५मध्ये आणीबाणीत माझा सख्खा काका तिथे मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली होता. आपलंच सरकार, आपलीच राज्यघटना, आणि तिच्या बाविसाव्या कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेची सोय. काकू सांगायची, मारहाणीची भीती एवढी नव्हती, पोरं "बाबा कधी येणार" विचारायची आणि तिच्याकडे सांगायला तारीख नव्हती, ते जड जायचं. शिक्षा झालेल्या कैद्याची बायको भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारू शकते.

म्हणून आरोपाशिवाय कोंडलेला माणूस जेवण सोडतो तेव्हा "असं जिवावर उदार व्हायची काय गरज" हे वाक्य माझ्याच्याने म्हणवत नाही. अपील कशावर करणार? साक्षीदार कशाविरुद्ध उभे करणार? त्याच्या हातात स्वतःचं शरीर तेवढं उरतं. पॅलेस्टाईनच्या खादर अदनानने डिसेंबर २०११पासून ६६ दिवस उपोषण केलं ते इस्रायलच्या अशाच प्रशासकीय स्थानबद्धतेविरुद्ध, आणि त्या पद्धतीचं मूळही ब्रिटिशांच्या १९४५च्या आणीबाणी नियमांत आहे. अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगात २०१३ला १६६ कैदी होते, त्यातले शंभरावर उपोषणाला बसले, बहुतेकांवर आरोप नव्हता. तिथे कैद्याला खुर्चीला बांधून नाकातून नळी घालत. शुद्धीत असलेल्या, विचार करून नकार देणाऱ्या माणसाला बळाने भरवायचं नाही असं जागतिक वैद्यकीय संघटनेची माल्टाची घोषणा १९९१पासून सांगते. नाकातली नळी मी रोज बघते. रुग्णाच्या संमतीने, हळुवार हाताने घातली तरी डोळ्यांत पाणी येतं. ती शिक्षा म्हणून वापरणाऱ्याला आमच्या पेशात जागा नसावी.

आता जाणाऱ्यांसाठी उरलेलं. दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर जरूर न्या. त्याहून लहान मुलं एक तास उभी राहत नाहीत. जुन्या भागात जिने आणि अरुंद बोळ आहेत, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तिकीट काढतानाच विचारून घ्या. गाईडच्या अगदी पुढे राहा, मागे आवाज दगडात विरतो. फेरीनंतर समोरच्या रॉयल हॉस्पिटलच्या आवारात जाऊन बसा. तिथे आता आधुनिक कलेचं संग्रहालय आहे, बाग मोकळी आहे, डबा उघडायला बाक आहेत. आईने थालीपीठं नेली होती.

आणि ईस्ट विंगमध्ये गाईड प्रश्न विचारायला सांगतात तेव्हा ३० एप्रिल १९२३बद्दल विचारा. आमच्या गाईडने गटाला थांबवून वरची गॅलरी हाताने दाखवली, बायका कुठे उभ्या होत्या, कुठून खाली आणल्या, सगळं सांगितलं, आणि पुढचा गट दारात येईपर्यंत आम्हाला तिथून हलवलं नाही.